बालरोगतज्ज्ञांना खुले पत्र: शब्द किती, यापेक्षा मूल ते कशासाठी वापरतं हे विचारा

सन्माननीय बालरोगतज्ज्ञ डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. बोलायला उशीर झालेली लहान मुलं, आणि त्यातही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली मुलं, हे माझं रोजचं काम. माझ्याकडे येण्याआधी ही मुलं बहुतेक वेळा तुमच्याकडे येऊन गेलेली असतात. लस द्यायला किंवा ताप दाखवायला आलेली आई निघता निघता विचारते, "डॉक्टर, हा अजून बोलत नाही हो. काळजीचं नाही ना काही?" त्या वेळी तुम्ही काय विचारता आणि काय सांगता, यावर त्या घराची पुढची वर्ष-दोन वर्षं ठरतात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्याकडून येणाऱ्या कागदांवर बहुधा एक आकडा असतो: शब्द किती. "वय दोन, शब्द आठ-दहा, थांबून पाहू." नाहीतर, "शब्द भरपूर, चिंता नको." हा आकडा विचारूच नका असं मी म्हणत नाही. पण स्वमग्न मुलाच्या बाबतीत तो दोन्हीकडून फसवतो. माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांना रंग, आकार, शंभरपर्यंतचे अंक, पुस्तकातले सगळे प्राणी येतात. आई-वडील कौतुकाने यादी सांगतात आणि यादी खरीच असते. पण तेच मूल तहान लागली की स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून रडतं. शब्द आहेत, पण त्यांनी दुसऱ्या माणसाला काही सांगता येतं हे त्याला अजून उमगलेलं नाही. याच्या उलट, एकही शब्द न बोलणारं दुसरं मूल खिडकीतून मांजर दिसलं की बोट करतं, मागे वळून आईकडे पाहतं, तिने मांजर पाहिलं याची खात्री करून घेतं आणि हसतं. आकडा पाहिला तर पहिलं मूल पुढे आणि दुसरं मागे. भाषेचा पाया मात्र दुसऱ्याचा पक्का आहे.

निदानाच्या निकषांनीही ही गोष्ट केव्हाच मान्य केली आहे. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, बोलण्यातला उशीर हा ऑटिझमचा निकष राहिला नाही. पाहायचं ते सामाजिक संवादातली अडचण आणि त्याच त्याच वागण्या-आवडींचा आग्रह. भाषेची अडचण सोबत आहे की नाही, हे वेगळं नोंदवायचं. तरीही तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न शब्दांच्या संख्येचाच येतो, आणि पुष्कळदा शेवटचाही तोच असतो.

मग पाहायचं काय? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेलं एक काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ गोळा केले. ११ मुलं पुढे ऑटिझमचं निदान झालेली, ११ सर्वसामान्य वाढीची. पहिल्या वाढदिवसाला फारसं बोलण्याची अपेक्षा कुणाकडूनच नसते. फरक दिसला तो इतर गोष्टींत: समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहणं, वस्तू उचलून दाखवणं, बोट करणं, नावाने हाक मारल्यावर वळणं. म्हणजे शब्द यायच्या आधीच जे दिसत होतं, ते नंतर आपण शब्दांच्या यादीत शोधत बसतो.

यातलं दाखवणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. हवी असलेली वस्तू मिळवायला केलेला इशारा वेगळा, आणि "हे बघ ना!" एवढंच सांगायला केलेला इशारा वेगळा. स्वमग्न मुलाला पहिला पुष्कळदा जमतो, दुसरा उशिरा येतो किंवा येतच नाही. "बोट करतो का?" असं विचारलं तर आई "हो" म्हणते, आणि ते खोटं नसतं. म्हणून असं विचारा: एखादी गोष्ट आवडली तर नुसती तुम्हाला दाखवायला घेऊन येतो का? बोट केल्यावर तुमच्याकडे वळून पाहतो का? तुमचा हात धरून कपाटाकडे नेतो तेव्हा तुमच्या तोंडाकडे पाहतो, की तुमचा हात नुसता कडीवर नेऊन ठेवतो? एवढ्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. ऑटिझमच्या चाळणीसाठी पालकांना विचारायची एम-चॅट ही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची २० प्रश्नांची सुधारित प्रश्नावली याच वाटेने जाते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची ऑटिझमसाठी चाळणी करावी असं सुचवलं आहे, मग आई-वडिलांनी शंका काढलेली असो वा नसो. माझी विनंती एवढीच, की या प्रश्नावलीचा दुसरा टप्पा, म्हणजे शंकास्पद उत्तरांवरची सविस्तर विचारपूस, गाळू नका. "हो" आणि "नाही" यांच्यामागचं खरं चित्र तिथेच उलगडतं.

एका बाबतीत तर थांबून पाहण्याला जागाच नाही. मूल चार-सहा शब्द बोलत होतं आणि बोलायचं बंद झालं, हाक मारली की वळायचं ते वळेनासं झालं, असं आई सांगत असेल तर त्याच दिवशी पुढे पाठवा. दुसऱ्या वर्षात असं मागे जाणं ऑटिझममध्ये अनेक मुलांत दिसतं. घरचे त्याचं कारण आपापल्या परीने लावतात: धाकटं भावंड झालं, घर बदललं, मोठं आजारपण झालं. ते कारण ऐकून घ्या, पण त्याने समाधान मानू नका.

कानाचंही तसंच. पाठीमागून टाळी वाजवली आणि मान वळली म्हणून ऐकणं ठीक, असा निष्कर्ष कृपया काढू नका. कानात पाणी साचून ऐकणं कमी-जास्त होणाऱ्या मुलाची मानही टाळीला वळते, पण बोलण्यातले बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाची श्रवणतज्ज्ञाकडून रीतसर चाचणी व्हायला हवी, ऑटिझम उघड दिसत असला तरीही.

आता "सगळं कळतं, फक्त बोलत नाही" या वाक्याकडे येते. ते मी जवळजवळ प्रत्येक घराकडून ऐकते. तुम्हीही ऐकता, आणि ऐकून निश्चिंत होता. सर्वसामान्य वाढीत मूल बोलतं त्याहून पुष्कळ जास्त समजतं. लहान स्वमग्न मुलांत मात्र हे अंतर पुष्कळदा कमी असतं, आणि काही मुलांत समज बोलण्याच्याही मागे असते. मूल हुशारीने प्रसंग वाचतं. आईने पिशवी उचलली, बूट घातले, म्हणजे बाहेर जायचं. त्याच वेळी तिने "चल, बाहेर जाऊ" म्हटलेलं असतं, म्हणून शब्द कळला असं वाटतं. तपासायचं असेल तर आईला बसूनच, हात न हलवता, दाराकडे न पाहता तेच वाक्य म्हणायला सांगा. पुष्कळ आयांचे डोळे तिथे उघडतात, आणि मुलाच्या हट्टाचा अर्थही बदलतो. ऐकत नाही असं वाटलेलं मूल खरं तर वाक्यच पकडू शकलेलं नसतं.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. काही न बोलणाऱ्या मुलांना आपल्या चाचण्यांत दिसतं त्यापेक्षा जास्त समजत असतं, कारण चाचणीत सांगितल्याबरोबर बोट ठेवावं लागतं, अनोळखी माणसाकडे लक्ष द्यावं लागतं, आणि नेमकं तेच त्यांना अवघड असतं. म्हणून त्या मुलासमोर "याला काही कळत नाही" असं कधीही बोलू नका. आई-वडिलांशी जे बोलायचं ते त्याच्या कानावर पडतं आहे असं धरूनच बोला.

मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे ते मुलांच्या पुन्हा पुन्हा तेच बोलण्याबद्दल. "पोपटासारखं बोलतो, अर्थ काही नाही" अशी नोंद घेऊन मुलं माझ्याकडे येतात. घरी सांगितलेलं असतं की अशी नक्कल केली की लगेच थांबवा. ही नोंद आणि हा सल्ला, दोन्ही मागे टाकायची वेळ कधीच उलटून गेली आहे.

१९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला, ज्यापासून बालवयातल्या ऑटिझमचा अभ्यास सुरू झाला असं मानलं जातं. त्या ११ पैकी ८ मुलांना बोलणं आलं होतं, ३ बोलत नव्हती. बोलणाऱ्यांपैकी पाच वर्षांचा एक मुलगा मधूनच म्हणायचा, "कुत्र्याला बाल्कनीतून खाली टाकू नकोस." तिथे ना कुत्रा होता ना बाल्कनी. आईला विचारल्यावर उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा पुन्हा पुन्हा बाल्कनीतून खाली टाकत होता आणि कंटाळून ती हेच वाक्य त्याला म्हणाली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो या वाक्याने स्वतःलाच आवरायचा. त्याच लेखातल्या दुसऱ्या मुलाला वडिलांनी "हो" म्हणायला शिकवलं ते खांद्यावर घेण्याचं आमिष दाखवून. झालं असं, की "हो" म्हणजे "मला खांद्यावर घे" एवढाच अर्थ त्याच्यासाठी पक्का झाला, आणि तो सुटायला कित्येक महिने गेले. या दोन्ही गोष्टींत मुलाचं बोलणं निरर्थक नव्हतं. अर्थ होता, तो एका प्रसंगाला घट्ट चिकटलेला होता, आणि प्रसंग ठाऊक असलेल्या माणसालाच तो कळू शकत होता.

पुढे १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी चार स्वमग्न मुलांच्या लगेच केलेल्या पुनरुक्तीचे, म्हणजे ऐकलेलं तिथल्या तिथे जसंच्या तसं म्हणण्याचे, हजारावर नमुने तपासले. केवळ शब्द मोजले नाहीत. मूल त्या वेळी कुठे पाहत होतं, हातात काय होतं, आवाज कसा होता, हेही पाहिलं. पुनरुक्तीची सात वेगवेगळी कामं त्यांना सापडली: बोलण्यात आपली पाळी घेणं, होकार देणं, काही मागणं, स्वतःशी घोकून समजून घेणं, स्वतःला आवरणं, अशी. फक्त थोडी पुनरुक्ती अशी होती जिच्यामागे काहीच हेतू दिसला नाही.

आपल्या भाषेत तर याचा पुरावा व्याकरणातच मिळतो. पाच वर्षांचा मुलगा "मी आले", "मी जाते" म्हणतो. लोक हसतात, कुणी दटावतं. पण त्याने ते वाक्य आईच्या तोंडून अख्खंच्या अख्खं उचललेलं असतं, क्रियापदाच्या रूपासकट. तसंच "तुला पाणी हवंय?" असं तो प्रश्नाच्याच सुरात म्हणतो, कारण पाणी मिळण्याआधी दर वेळी हेच वाक्य कानावर पडलेलं असतं. त्याच्या लेखी ही पाण्याची मागणीच आहे. अशा वेळी "तुला नाही, मला म्हण" म्हणून अडवून धरलं तर मूल गोंधळतं आणि पुष्कळदा गप्प होतं. त्याऐवजी आईने त्याच्या बाजूने वाक्य म्हणावं, "मला पाणी हवंय", आणि पाणी लगेच द्यावं. थांबवून, परीक्षा घेऊन मग नाही. अख्ख्या वाक्यांकडून सुट्या शब्दांकडे नेणाऱ्या ठरावीक पायऱ्यांच्या पद्धतींचा आज मोठा बोलबाला आहे. त्या पायऱ्यांना भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही, म्हणून मी त्यांची भलामण करणार नाही. पण पुनरुक्ती ऐकून घ्या, तिचा प्रसंग शोधा आणि मुलाला प्रतिसाद द्या, यासाठी कुठल्याही पद्धतीचा शिक्का लागत नाही.

घरी काय करायचं याबद्दलही दोन सल्ले सतत दिले जातात. एक, "त्याच्याशी सतत बोलत राहा." दुसरा, "बोलल्याशिवाय हातात देऊ नका." पहिल्याने मुलावर शब्दांचा नुसता मारा होतो. दुसऱ्याने दिवसभर "म्हण, म्हण की" चालतं आणि मूल बोलण्यापासून पळायला लागतं. मायकेल सिलर आणि मॅरियन सिगमन यांनी २००२ मध्ये मांडलेले निष्कर्ष वेगळी वाट दाखवतात. मुलाचं लक्ष ज्या वस्तूवर आहे तिच्याचबद्दल, त्याला तिथून न खेचता, जे पालक बोलत होते त्यांच्या मुलांचा संवाद पुढे अधिक वाढलेला दिसला. ही वाढ त्यांनी १, १० आणि १६ वर्षांनंतर पाहिली. मूल गाडीचं चाक फिरवतंय ना? मग "फिरतंय, गोल गोल" म्हणा, आणि थांबा. "ही गाडी कुठल्या रंगाची?" हा प्रश्न तूर्त नको. एवढं एक वाक्य तुम्ही आईला सांगितलंत तरी माझ्याकडची रांग संपेपर्यंतचे महिने वाया जाणार नाहीत.

आता चित्रांचे तक्ते, हाताच्या खुणा, चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं टॅबलेट, यांच्याबद्दल. ही साधनं सुचवली की आई-वडील घाबरतात: मग हा कधी बोलणारच नाही. दुःख याचं होतं, की ही भीती कित्येकदा डॉक्टरांच्या शब्दांनी पक्की झालेली असते. "आधी बोलण्याचा प्रयत्न करू, नाहीच जमलं तर ते शेवटी पाहू." उपलब्ध पुरावा या भीतीच्या बाजूचा नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या काटेकोर अभ्यासांत विकासात्मक अडचणी असलेल्या २७ व्यक्ती होत्या. अशी साधनं दिल्यावर एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्क्यांचं वाढलं, बाकीच्यांचं तेवढंच राहिलं. वाढ माफक होती, हेही सांगायला हवं. कॉनी कासारी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात ५ ते ८ वर्षांची, फारच कमी बोलणारी ६१ स्वमग्न मुलं होती. थेरपीच्या सोबतीला सुरुवातीपासूनच बोलणारं उपकरण मिळालेल्या मुलांचं आपणहून केलेलं बोलणं आणि सांगणं, उपकरणाशिवाय तीच थेरपी मिळालेल्या मुलांपेक्षा अधिक वाढलं. म्हणून "शेवटी पाहू" हे उलटं आहे. हे पहिल्याच भेटीत सुरू व्हावं.

आणि त्या तक्त्यावर पहिलं चित्र खाऊचं नसावं. "नको", "थांब", "दुखतंय", "मदत कर" ही हवीत. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं, की त्रासदायक वागण्यातून मूल जे मिळवत असतं तेच मिळवायचा साधा शब्द त्याला शिकवला, तर ते वागणं कमी होतं. चावतो, डोकं आपटतो, अंगावर येतो म्हणून मूल तुमच्याकडे आणलं जातं, तेव्हा औषधाचा विचार करण्याआधी एवढं विचारा: याला "नको" सांगायची काही सोय आहे का? दुखतंय हे सांगायची आहे का? कान दुखणारं, दात दुखणारं, पोट साफ न झालेलं मूल दुसरं करणार तरी काय?

इथे एक सावधगिरी सांगणं माझं कर्तव्य आहे. मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरांवर नेणारी, आणि मग मुलानेच लिहिलं असं म्हणणारी एक पद्धत आहे. तिच्यात शब्द मदतनिसाचे निघतात, मुलाचे नाही, हे नियंत्रित प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टच्या संघटनेने २०१८ मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. आशेवर जगणारे आई-वडील तिच्याकडे सहज ओढले जातात. त्यांना रागावू नका, पण आडून आडूनही बोलू नका.

दोन भाषांच्या घराला एक भाषा बंद करायला सांगू नका. दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुलं एकाच भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा त्यामुळे जास्त मागे पडतात असं आढळलेलं नाही. हॅम्बली आणि फोंबोन यांचा २०१२ चा ७५ मुलांचा अभ्यास हेच सांगतो. आजीला जी भाषा येते तीच बंद केली, तर त्या मुलाशी बोलणारं एक माणूस कमी होतं. मोबाइलबद्दल म्हणाल, तर तो जरूर कमी करायला सांगा. घरातली बोलाचाली वाढते. पण "मोबाइल बंद करा आणि सहा महिन्यांनी या" असं सांगून तपासणी पुढे ढकलू नका, आणि आईला गुन्हेगार ठरवू नका. थंड वागणुकीच्या आयांमुळे ऑटिझम होतो, असं मानून गेल्या शतकात कितीतरी आयांना जन्मभराचं दुःख दिलं गेलं. तो इतिहास आपल्या दोन्ही व्यवसायांना ठाऊक आहे.

शेवटी वयाबद्दल. "पाच वर्षांपर्यंत बोलला नाही तर पुढे आशा नाही" हे वाक्य मी आजही ऐकते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत एरिका वोडका आणि सहकाऱ्यांनी, चौथ्या वर्षी ज्यांचं बोलणं वाक्यांशांपर्यंत, म्हणजे शब्द जोडून बोलण्यापर्यंत, पोचलं नव्हतं अशा ५३५ स्वमग्न मुलांचं आठ वर्षांचं किंवा त्यापुढचं बोलणं पाहिलं. ७० टक्के मुलं वाक्यांशांपर्यंत आली होती, ४७ टक्के अस्खलित बोलत होती. हे आकडे घरच्यांना सांगा, पण उरलेल्या ३० टक्क्यांसकट सांगा. त्यातल्या अनेक मुलांना चित्रांची आणि उपकरणांची भाषा पुढेही लागू शकेल, आणि तीही भाषाच आहे. तिच्यात हट्ट करता येतो, गंमत सांगता येते, नकार देता येतो.

पुढच्या वेळी मुलाला माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या कुणाकडे पाठवाल तेव्हा चिठ्ठीत एवढं लिहा: कानाची चाचणी कधी आणि कुठली झाली, आलेलं बोलणं कधी गेलं का, हवं असलेलं कसं मागतो, नको असलेलं कसं नाकारतो, आवडलेलं कुणाला दाखवतो का, ऐकलेली वाक्यं म्हणत असेल तर त्यातली एक-दोन जशीच्या तशी. माझ्या बाजूने मी प्रत्येक मुलाची तीन महिन्यांची प्रगती तुम्हाला लेखी कळवेन, आणि मी न सांगितलेलं काही तुम्हाला दिसलं तर मला जरूर फोन करा.

आपली विश्वासू,
लहान मुलांसोबत काम करणारी एक स्पीच थेरपिस्ट